सेंट जॉर्ज सोसायटी

सेंट जॉर्ज सोसायटी : इंग्लंडचा संरक्षक संत सेंट जॉर्ज याच्या नावाने इंग्लिश लोकांनी स्वदेशी व परदेशी स्थापन केलेल्या स्थानिक मंडळांचे सर्वसाधारण नाव. इंग्लिश इतिहास व परंपरा यांचा गौरव, राजनिष्ठा व देशभक्ती यांचे संवर्धन, अडचणीतील देशबांधवांना साहाय्य आणि सभासदांतील स्नेहसंबंध ही या मंडळांची उद्दिष्टे होत. दरवर्षी २३ एप्रिल रोजी येणारा सेंट जॉर्जचा स्मृतिदिन हा त्यांचा मुख्य उत्सव. या सोसायट्यांचा इतिहास वरवर पाहता भोजने, भाषणे व मिरवणुका यांचा वाटतो. परंतु ‘इंग्लिश’ म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाची उत्तरे शतकाशतकागणिक कशी पालटत गेली, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके राजकीय इतिहासाच्या ग्रंथांतून क्वचितच दिसते.

ज्याच्या नावाने ही मंडळे उभी राहिली तो संत इंग्लिश नव्हता आणि त्याने इंग्लंडच्या भूमीवर कधी पाऊल ठेवल्याचा पुरावा नाही. रोमन सम्राट डायोक्लीशनच्या कारकीर्दीत, इ. स. ३०३ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म न सोडल्याबद्दल त्यास देहदंड झाला, अशी परंपरा आहे. पॅलेस्टाइनमधील लिडा (सध्याचे लोद) येथे त्याची समाधी दाखवितात. ड्रॅगनला मारून राजकन्येला सोडविल्याची कथा पुष्कळ नंतरची असून तेराव्या शतकातील याकोबुस दे व्होरागिने याच्या संतचरित्रसंग्रहामुळे ती यूरोपभर पसरली. जॉर्जिया, पोर्तुगाल, कॅटलोनिया, इथिओपिया इ. अनेक देशांनी व प्रदेशांनी त्यास आपला मानले. पश्चिम आशियातील मुसलमानांतही त्याच्या स्थानांविषयी आदर आढळतो. केरळातील सीरियन ख्रिस्ती त्याची गीवर्गीस या नावाने भक्ती करतात. पोर्तुगीजांबरोबर त्याचे नाव गोव्यापर्यंत पोहोचले व मुरगावच्या दक्षिणेकडील समुद्रातील एका बेटास मिळाले. इंग्लंडमध्ये पूर्वी एडमंड व एडवर्ड द कन्फेसर या राजसंतांचा मान मोठा होता. धर्मयुद्धांनंतर योद्ध्यांचा कैवारी म्हणून जॉर्जचे माहात्म्य वाढत गेले. तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास ऑर्डर ऑफ द गार्टर हा सरदारांचा सन्मानसंघ त्याच्या आश्रयाखाली स्थापन केला. १४१५ मध्ये ॲझिंकूरच्या लढाईत फ्रेंचांवर विजय मिळाल्यावर त्याच्या सणास इंग्लंडमधील मोठ्या धार्मिक सणांचा दर्जा देण्यात आला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबडा क्रूस हे त्याचे चिन्ह पुढे इंग्लंडचा ध्वज बनले.

मध्ययुगीन पूर्वपीठिका : आधुनिक सोसायट्यांचे पूर्वरूप मध्ययुगीन नगरांतील बंधुसंघांत (गिल्ड) आढळते. यांपैकी नॉरिच येथील सेंट जॉर्जचा संघ सर्वांत प्रसिद्ध होय. तो १३८५ मध्ये स्थापन झाला. कोणी सभासद दारिद्र्यात वा आजारात सापडल्यास इतर बंधुभगिनींनी दर आठवड्यास एक फार्दिंग द्यावे, असा त्याचा नियम होता. संत, सण, भोजन, मृतांसाठी प्रार्थना आणि गरजूंना मदत या गोष्टी तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीने वेगवेगळ्या नव्हत्या. पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये संघास सनद दिली. पुढे पंधराव्या शतकाच्या मध्यास नगरातील तंटे मिटविताना संघ व नगरशासन यांची अशी सांगड घालण्यात आली, की मावळता महापौर हाच संघाचा प्रमुख होऊ लागला.

संघाच्या वार्षिक मिरवणुकीत जॉर्जचे सोंग घेतलेला स्वार ड्रॅगनशी लुटुपुटीची लढाई करी. १४०८ च्या नोंदीत तिचा उल्लेख आहे. पुढे त्यात मार्गारेट या संतस्त्रीच्या सोंगाची भर पडली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर संतांची पूजा निषिद्ध ठरली व १५४७ च्या कायद्याने धार्मिक संघांची मालमत्ता राजाकडे गेली. नॉरिचचा संघ मात्र नगरशासनाशी जखडलेला असल्याने नाव बदलून ‘सेंट जॉर्जची कंपनी’ म्हणून टिकला. एलिझाबेथ पहिलीच्या राज्यारोहणाच्या सुमारास ठरविण्यात आले, की मिरवणुकीत जॉर्ज नको व मार्गारेटही नको. करमणुकीपुरता ड्रॅगन तेवढा नेहमीप्रमाणे यावा. अशा रीतीने संत गेला आणि राक्षस राहिला. ‘स्नॅप’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा, आत माणूस शिरून जबडा उघडझाप करणारा हा कापडी ड्रॅगन प्रेक्षकांच्या टोप्या पळवी व पोरांना भिववी. कोकणातील शिमग्याची सोंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही. १७३१ मध्ये कंपनी विसर्जित होऊन तिची मालमत्ता नगराकडे आली, तरी नव्या महापौराच्या मिरवणुकीत स्नॅप येत राहिला. १८३५ च्या नगरपालिका सुधारणा कायद्यानंतर तो थाट संपला. स्नॅपची जुनी प्रतिमा नॉरिच कॅसलच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. नगराच्या आसपासच्या वस्त्यांतून त्याच्या नकला विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत निघत असत.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये हा सण क्षीण झाला. खेड्यांतील नाताळच्या लोकनाट्यांतून मात्र जॉर्ज लढत राहिला. या नाट्यांत तो किंवा त्याचा प्रतिस्पर्धी तुर्की सरदार मारला जातो आणि एक बढाईखोर वैदू येऊन मेलेल्यास उठवून बसवितो.

वसाहतींतील सोसायट्या : सेंट जॉर्जच्या नावाने आधुनिक स्वरूपाचे मंडळ प्रथम स्थापन झाले ते इंग्लंडमध्ये नव्हे, तर अटलांटिकपलीकडे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे १७३३ मध्ये अशी सोसायटी निघाली. त्याच नगरात स्कॉटिश लोकांची सेंट अँड्र्यू सोसायटी चार वर्षे आधी, १७२९ मध्ये, स्थापन झाली होती. न्यूयॉर्क येथे १७७० मध्ये व फिलाडेल्फिया येथे १७७२ मध्ये सेंट जॉर्जच्या पुत्रांची मंडळे निघाली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. मायदेशी इंग्लिश माणूस बहुसंख्य होता. आपण इंग्लिश आहोत हे त्यास कोणाला सांगावे लागत नव्हते. वसाहतीतील बंदरात उतरल्यावर तो आयरिश, स्कॉटिश, जर्मन, डच अशा अनेकांपैकी एक ठरला आणि त्यालाही आपला संत, आपले भोजन व आपली पेटी असावी असे वाटू लागले. महाराष्ट्राबाहेर गेल्यावर मराठी माणूस मंडळ काढतो, त्यामागील भावना याहून वेगळी नाही.

या मंडळांचे मुख्य काम धर्मादायाचे होते. फिलाडेल्फियाच्या मंडळाने संकटात सापडलेल्या इंग्लिश लोकांना सल्ला व साहाय्य देणे, हा हेतू आपल्या नावातच गोवला होता. प्रवासात आजारी पडलेले, कामाच्या आशेने येऊन फसलेले, पती वाटेत वारल्याने निराधार झालेल्या स्त्रिया अशांना भाड्याचे पैसे, औषधोपचार, कोळसा, कामाची शिफारस, क्वचित परतीचे तिकीट अशा स्वरूपाची मदत मिळे. वर्गणी देणारे सभासद बहुधा सुखवस्तू व्यापारी व वकील असत. मदत घेणारे सभासद नसत. सधन लोक दिवाणखान्यात बसून सम्राटाच्या नावाने पेला उंचावीत आणि त्याच संध्याकाळी जमलेल्या पैशातून गोदीवरील कुटुंबाचा आठवडा निभावे, हे चित्र विसंगत वाटले, तरी ते सोसायटीच्या स्वभावाचे खरे चित्र आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने या मंडळांची स्थिती बिकट केली, कारण सेंट जॉर्जच्या ध्वजाखाली एकत्र आलेले लोक राजपक्ष व बंडखोर अशा दोन गटांत विभागले गेले. न्यूयॉर्कच्या मंडळाची १७८६ मध्ये नव्याने स्थापना झाली. आता त्याचे सभासद परक्या प्रजासत्ताकाचे नागरिक होते, तरी इंग्लंडच्या संताचा उत्सव करीत होते; देशनिष्ठा व वंशप्रेम या गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

कॅनडात ब्रिटिश सत्ता कायम असल्याने हा पेच नव्हता. टोराँटो व माँट्रिऑल येथे १८३४ मध्ये सोसायट्या निघाल्या. नाताळच्या वेळी गरीब इंग्लिश कुटुंबांना मांस व पाव वाटण्याचा टोराँटोच्या सोसायटीचा उपक्रम दीर्घकाळ चालला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागीर व खाणकामगार मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर वरून खाली वाहणारा धर्मादाय पुरेसा व सन्मानाचा वाटेनासा झाला. आपसांत वर्गणी काढून आजारपणात भत्ता, डॉक्टरची सोय व मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च देणारे परस्परसाहाय्यक संघ निघाले. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या कोळसाखाणींच्या गावी १८७१ मध्ये ‘ऑर्डर सन्स ऑफ सेंट जॉर्ज’ हा असा संघ निघाला. त्याच्या उगमास इंग्लिश व आयरिश खाणकामगारांतील वैराची पार्श्वभूमी होती. मॉली मॅग्वायर्स या आयरिश गुप्तमंडळीच्या दहशतीविरुद्ध संरक्षण हा त्यामागील एक हेतू सांगितला जातो. टोराँटोत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सन्स ऑफ इंग्लंड’ या संघात केवळ प्रॉटेस्टंटांना प्रवेश होता. बंधुभावाची व्याख्या करताना कोणाला तरी बाहेर ठेवण्याची प्रवृत्ती येथे उघड दिसते. चौदाव्या शतकातील नॉरिचच्या संघात स्त्रिया ‘भगिनी’ म्हणून होत्या. पाचशे वर्षांनंतरच्या या संघांत त्यांना बहुधा उत्सवाच्या दिवशी चहाची व्यवस्था पाहण्यापुरतेच स्थान होते.

रॉयल सोसायटी ऑफ सेंट जॉर्ज : इंग्लंडमध्ये अशी देशव्यापी संस्था १८९४ मध्ये हॉवर्ड रफ याच्या प्रयत्नाने निघाली. व्हिक्टोरिया राणी तिची पहिली आश्रयदाती होती. या वेळेस विशेष कारणे होती. आयर्लंडला स्वशासन देण्याची विधेयके १८८६ व १८९३ मध्ये संसदेपुढे आली होती. स्कॉटलंड व वेल्समध्येही राष्ट्रीय भावना जागी झाली होती. ‘इंग्लंड’ या शब्दाऐवजी ‘ब्रिटन’ म्हणण्याचा आग्रह वाढत होता आणि त्यामुळे अनेक इंग्लिश लोकांना आपलेच नाव हरवत चालल्यासारखे वाटू लागले. साम्राज्य जितके विस्तारले तितका ‘इंग्लिश’ हा शब्द पातळ होत गेला. २३ एप्रिलला गुलाबाचे फूल लावावे, चर्चच्या मनोऱ्यावर सेंट जॉर्जचा ध्वज उभारावा, शाळांतून इंग्लंडच्या इतिहासावर व्याख्याने व्हावीत, यांसाठी सोसायटीने प्रचार केला. शेक्सपिअरचा मृत्यू १६१६ मध्ये याच तारखेस झाला व त्याचा जन्मदिवसही परंपरेने हाच मानला जातो. या योगायोगाचा उत्सवास चांगला उपयोग झाला. वसाहतींतून व खुद्द इंग्लंडच्या गावोगावी शाखा निघाल्या. १९६३ मध्ये सोसायटीस राजसनद मिळाली.

सोसायटीच्या आरंभकालीन नियतकालिकाचे नाव ‘द इंग्लिश रेस’ असे होते. त्या काळी ‘रेस’ हा शब्द वंश, कुल, राष्ट्र अशा अनेक अर्थांनी सैलपणे वापरला जाई, हे खरे. तथापि साम्राज्यातील गोऱ्या वसाहतींना रक्ताच्या नात्याने मातृभूमीशी बांधणारी कल्पनाच तीत प्रधान होती. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील शाखा या कल्पनेवर पोसल्या. भारतीय, आफ्रिकी वा वेस्ट इंडियन प्रजाजन राणीचे प्रजाजन असले, तरी या ‘कुटुंबा’त त्यांना स्थान नव्हते. याच दशकांत इंग्लिश वारशाची दुसरी, अधिक शांत ओळख घडत होती : नॅशनल ट्रस्ट (१८९५) जुन्या वास्तू व निसर्गस्थळे जपू लागला, फोक-साँग सोसायटी (१८९८) लोकगीते गोळा करू लागली आणि ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे १८९९ च्या नाताळात मॉरिस नृत्य पाहून भारावलेल्या सेसिल शार्पने पुढे १९११ मध्ये लोकनृत्यांसाठी संस्था काढली. सोसायटीच्या शाखांच्या समारंभांत या दोन्ही धारा मिसळलेल्या दिसतात; युनिफॉर्ममधील सैनिक व पायांत घुंगरू बांधलेले मॉरिस नर्तक एकाच मिरवणुकीत चालत.

पहिल्या महायुद्धात संताच्या लष्करी प्रतिमेस उजाळा मिळाला. बेल्जियममधील झेब्रुग बंदरावरील ब्रिटिश आरमाराचा प्रसिद्ध हल्ला १९१८ मध्ये नेमका २३ एप्रिललाच झाला. युद्धानंतर सोसायटीचे वार्षिक भोजन हे राष्ट्रीय महत्त्वाचे व्यासपीठ बनले. मुंबईत जन्मलेला कवी रड्यर्ड किपलिंग १९२० मध्ये तेथे इंग्लंड व इंग्लिश माणूस या विषयावर बोलला. मे १९२४ मध्ये स्टॅन्ली बॉल्डविनने केलेले भाषण सर्वांत गाजले. इंग्लंड म्हणजे काय, याचे उत्तर त्याने संसद, आरमार वा साम्राज्य यांत न शोधता काही आवाजांत व दृश्यांत शोधले : गावच्या लोहाराच्या ऐरणीवरील नाद, दवाने भिजलेल्या सकाळी शेतातील पाखराची साद, पात्यास धार लावतानाचा आवाज आणि टेकडीच्या माथ्यावरून येणारी नांगराची जोडी. हे सर्व गेल्यानंतरही इंग्लंडची हीच आठवण टिकेल, असा त्याचा आशय होता. बोलणारा स्वतः वूस्टरशरमधील लोखंड कारखानदाराच्या घराण्यातील होता आणि १८५१ च्या जनगणनेतच देशातील निम्म्याहून अधिक लोक नगरवासी झाल्याचे आढळले होते. ज्या इंग्लंडचे वर्णन श्रोत्यांना गहिवरून टाकीत होते ते बहुतेकांच्या रोजच्या जीवनात उरलेले नव्हते. कदाचित म्हणूनच ते त्यांना इतके प्रिय वाटले. मँचेस्टरचा गिरणीकामगार वा डरहॅमचा खाणकामगार या चित्रात कोठे बसतो, हा प्रश्न भाषणात नव्हता. विन्स्टन चर्चिल १९३३ मध्ये याच सोसायटीपुढे बोलला, तेव्हा ‘इंग्लंड’ हा शब्द उच्चारण्याची परवानगी निदान या एका प्रसंगी तरी मिळते, असा विनोद त्याने केला.

साम्राज्य ओसरल्यानंतर भाषणांचा सूर बदलला. १९६१ च्या एप्रिलमध्ये ईनक पॉवेलने, पर्शियनांनी जाळलेल्या आपल्या नगरीत परतलेल्या अथेन्सवासीयांना पवित्र ऑलिव्ह वृक्षास नवी पालवी फुटलेली दिसली, ही कथा सांगून म्हटले, की साम्राज्याच्या भ्रमंतीवरून परतलेल्या पिढीसही मूळचे इंग्लंड शाबूत सापडले आहे. दुसऱ्या महायुद्धात तो भारतात लष्करी अधिकारी होता व व्हाइसरॉय होण्याची आकांक्षा बाळगून होता. भारत स्वतंत्र झाल्यावर ज्याचे साम्राज्यावरील सारे प्रेम इंग्लंडपुरते एकवटले अशा माणसाचे हे भाषण आहे. त्यातील भाषा सुंदर आहे. परंतु त्याच वर्षांत कॅरिबियन बेटांतून, पंजाबातून व गुजरातमधून हजारो लोक इंग्लंडात स्थायिक होत होते आणि त्या अखंड वृक्षाच्या रूपकात त्यांना फांदीही मिळाली नव्हती. सात वर्षांनी, २० एप्रिल १९६८ रोजी, बर्मिंगहॅम येथे पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध केलेले कुप्रसिद्ध भाषण पूर्वीच्या भाषणाशी जोडून वाचले पाहिजे. १९७४ मध्ये ‘लीग ऑफ सेंट जॉर्ज’ या नावाचा एक नव-फॅसिस्ट गट निघाला. रॉयल सोसायटी ही वेगळी संस्था व पक्षातीत असल्याचे सांगणारी. पण सर्वसामान्य माणसाच्या मनात संत व त्याचा ध्वज यांविषयी संशय निर्माण होण्यास अशा गटांचा हातभार लागला. १९७० व १९८० या दशकांत अनेक सुशिक्षित इंग्लिश लोक हा ध्वज लावण्यास संकोचत असत.

शाखांचे जीवन : राजकारणाच्या या इतिहासामुळे शाखांचे दैनंदिन स्वरूप नजरेआड होऊ नये. लहान नगरातील शाखा म्हणजे बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांचे एक घरगुती मंडळ असते. निवृत्त शिक्षक, दुकानदार, माजी सैनिक, चर्चमधील वादक असे तिचे सभासद. वर्षातून काही व्याख्याने, एखादी ऐतिहासिक स्थळास सहल, शाळांतील मुलांसाठी निबंध वा चित्रकला स्पर्धा आणि स्थानिक धर्मादाय कार्यासाठी निधी असा कार्यक्रम असतो. एप्रिलच्या भोजनात भाजलेले गोमांस परंपरेने थाटात आणले जाते व राजासाठी पेला उंचावला जातो. लंडनमध्ये सेनोटाफ या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहतात. बालवीरांचाही हा संत संरक्षक असल्याने एप्रिलमधील रविवारी बालवीर संचलन करून आपली प्रतिज्ञा पुन्हा उच्चारतात [⟶ बॉयस्काउट]. पुष्कळ गावांत सेंट जॉर्ज दिन म्हणजे हेच संचलन. विधवा व एकाकी वृद्धांना महिन्यातून एकदा ओळखीचे चेहरे दिसावेत, एवढे जरी शाखेने साधले, तरी नॉरिचच्या फार्दिंगचा वारसा तिने चालविला असे म्हणता येईल. नव्या पिढीतील सभासद न मिळणे ही पुष्कळ शाखांची अडचण आहे.

भारताशी संबंध : भारतातील ब्रिटिश समाजात सेंट जॉर्जच्या दिवसापेक्षा ३० नोव्हेंबरचे स्कॉटिश लोकांचे सेंट अँड्र्यूचे भोजन अधिक गाजे. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या अशाच भोजनप्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने भारतीय राष्ट्रीय काँग्रेसला समर्थन देणारा वर्ग सूक्ष्मदर्शकातूनच दिसेल इतका अल्प असल्याची टीका केली. संताच्या नावाचे भोजन हे केवळ स्नेहभोजन नसते, याचे भारतीय वाचकास परिचित असे हे उदाहरण होय. सेंट जॉर्जचे नाव भारतात टिकले ते वास्तूंमध्ये. मद्रासचा किल्ला त्याच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईत किल्ल्याच्या उत्तरेस १७६९ मध्ये बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा अवशिष्ट भाग सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. यूरोपियनांसाठी असलेले हे रुग्णालय स्वातंत्र्योत्तर काळात सर्वांसाठी खुले झाले. उलट दिशेचा प्रवासही नमूद करण्याजोगा आहे. लंडन येथे १९३२ मध्ये न. चिं. केळकर यांच्या प्रेरणेने महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. साम्राज्याच्या राजधानीत आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना व नोकरदारांना सण, भाषा व परस्परांचा आधार देणारे हे मंडळ आणि दोनशे वर्षांपूर्वीची चार्ल्सटनची सोसायटी यांची गरज एकाच जातीची होती.

अलीकडील काळ : १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या यूरोपीय फुटबॉल स्पर्धेत प्रेक्षकांनी पूर्वीच्या युनियन जॅकऐवजी सेंट जॉर्जचे ध्वज मोठ्या प्रमाणावर फडकाविले. दोनच वर्षांत स्कॉटलंड व वेल्सच्या स्वशासनाचे कायदे झाले आणि १९९९ मध्ये त्यांची विधिमंडळे भरली. इंग्लंडला मात्र स्वतंत्र विधिमंडळ नाही व अधिकृत राष्ट्रगीतही नाही. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूचा व उत्तर आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिकचा दिवस सुटीचा आहे. इंग्लंडमध्ये २३ एप्रिलला सार्वजनिक सुटी नसते. तशी सुटी मिळावी ही सोसायट्यांची मागणी जुनी असून २०१७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने चारही संतांच्या दिवशी सुटी देण्याचे आश्वासन दिले होते. युगांडात जन्मलेले यॉर्कचे आर्चबिशप जॉन सेंटामू (कार्यकाल २००५–२०) यांनी हा सण उत्साहाने साजरा करावा असे जाहीरपणे सांगितले. परदेशी जन्मलेल्या संताचा दिवस पाळण्याचा आग्रह परदेशी जन्मलेल्या धर्मगुरूने धरावा, हे या सणाच्या इतिहासाशी सुसंगतच होते. पॅलेस्टाइनमधील हुतात्मा, अनेक देशांचा संरक्षक म्हणून जॉर्जची सर्वसमावेशक बाजू पुढे आणण्याचा प्रयत्न शाळा व नगरपालिका यांनीही केला. सोसायटीच्या अनेक शाखांनी तिची ध्येये मान्य असणाऱ्या कोणासही प्रवेश खुला ठेवला आहे.

तरीही ध्वजाचा अर्थ निश्चित झालेला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील अनेक नगरांत दिव्यांच्या खांबांवर व चौकांत सेंट जॉर्जचे ध्वज लावण्याची मोहीम निघाली, तेव्हा काहींना ती निरागस देशप्रीती वाटली, तर काहींना स्थलांतरितांना दिलेला इशारा. एकाच रस्त्यावरील शेजाऱ्यांनी एकाच कापडाचे हे दोन अर्थ लावले. लोकांच्या मनातील राष्ट्रीय ओळख मोजणेही अवघड ठरते. इंग्लंड व वेल्समधील २०११ च्या जनगणनेत ५७·७ टक्के लोकांनी आपण केवळ ‘इंग्लिश’ असल्याचे व १९·१ टक्के लोकांनी केवळ ‘ब्रिटिश’ असल्याचे नोंदविले. २०२१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १४·९ व ५४·८ असे झाले. या उलथापालथीचे मोठे कारण म्हणजे प्रश्नपत्रिकेतील पर्यायांचा क्रम बदलून ‘ब्रिटिश’ हा पर्याय प्रथम छापण्यात आला होता. अनेकांना दोन्ही शब्द सारखेच लागू वाटतात व जो आधी समोर येतो त्यावर ते खूण करतात, असे यावरून दिसते.

परदेशांतील जुन्या सोसायट्यांपैकी काही चालू आहेत. न्यूयॉर्कची सोसायटी अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली असून तिच्या साहाय्याचे क्षेत्र इंग्लिश जन्माच्या मर्यादेपलीकडे गेले आहे. ब्रिटन तसेच राष्ट्रकुलातील देश यांच्याशी नाते असलेल्या वृद्धांना ती मासिक मदत देते. त्यांत कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचाही समावेश होतो.